हेडचं काम झालं, तरी गाडी गरम होते?

मे महिन्यातली गोष्ट. सात सीटांच्या एका डिझेल गाडीचं हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनचा ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्यामधली पातळ पट्टी, आम्ही कोकणातल्या आमच्या गॅरेजात बदललं होतं. काम संपायला संध्याकाळ उलटली. मालकांना पहाटे कोल्हापूरला निघायचं होतं, मागच्या सीटा पाडून आंब्याच्या पेट्या भरायच्या होत्या. मी रेडिएटर भरला, इंजिन दहा मिनिटं चालवलं, तापमानाचा काटा खाली आहे हे पाहिलं आणि चावी दिली. सकाळी साखरप्याच्या पुढून फोन आला. आंबा घाट चढायला लागल्यावर काटा वर गेला होता आणि मग एकाएकी खाली आला. गाडी थंड झाली असं समजून त्यांनी आणखी दोन वळणं काढली, आणि इंजिन बंद पडलं. काटा खाली आला होता तो सेन्सरभोवती पाणीच उरलं नव्हतं म्हणून. नुकतंच फेसिंग करून, म्हणजे घासून सपाट करून आणलेलं हेड पुन्हा वाकलं. खर्च मी सोसला, पण ऐन सीझनमधला त्यांचा एक आठवडा गेला, तो मला भरून देता आला नाही.

चूक साधी होती. त्या इंजिनात साधारण आठ लिटर कुलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, मावतं, आणि मी सहा लिटर ओतून थांबलो होतो. उरलेली दोन लिटरची जागा हवेने धरली होती, ती हेडमध्ये, म्हणजे जिथे सगळ्यांत जास्त उष्णता असते तिथेच.

तेव्हापासून गॅरेजात शिकायला येणाऱ्या प्रत्येक मुलाला, आणि हेडचं काम करून गाडी घेऊन जाणाऱ्या प्रत्येकाला, मी एकच सांगतो. दुरुस्तीनंतर गाडी गरम झाली तर दुरुस्तीत जिथे जिथे हात लागला तिथे आधी बघा, आणि त्यातही पहिली हवा. नवा रेडिएटर, नवी वॉटर बॉडी (पाण्याचा पंप), पुन्हा हेड, ही मोठ्या खर्चाची नावं त्यानंतर घ्यायची.

झाकणाला हात लावण्याआधी

गरम इंजिनच्या रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. हे सगळ्यांना माहीत असतं, तरी दरवर्षी कुणीतरी हात, तोंड भाजून घेतं. झाकणावर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो. तो दाबाचा, बारमध्ये. इतक्या दाबाखाली साधं पाणीसुद्धा १०० अंशांना उकळत नाही, १२० च्या आसपास जाऊन उकळतं. म्हणजे ११० अंशांचं पाणी आत शांत असतं, आणि झाकण फिरवून दाब गेला की त्याच क्षणी त्यातलं बरंचसं वाफ होऊन अंगावर येतं. तासभर तरी थांबा. वरचा जाड होज पाइप हाताने दाबून बघा. तो मऊ लागला आणि हाताला कोमट असला, तरच जाड फडकं टाकून झाकण थोडं फिरवा, फुस्स आवाज पूर्ण थांबू द्या, मग काढा.

इलेक्ट्रिक फॅन बऱ्याच गाड्यांत चावी काढल्यावरही सुरू होऊ शकतो. ओढणी, शर्टाची बाही, बोटं लांब ठेवा. आणि पावसाळ्यात गाडी बंद शेडमध्ये चालू ठेवून काम करू नका. सायलेन्सरमधून येणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. दार उघडं हवं, नाहीतर गाडीचं तोंड आत आणि सायलेन्सर बाहेर.

कुलंट विषारी आहे. त्यातलं इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड लागतं, म्हणून कुत्री-मांजरं ते चाटतात आणि त्यांची मूत्रपिंडं जातात. खाली पातेलं ठेवूनच पाणी सोडा. सांडलेलं पुसून घ्या, आणि काढलेलं कुलंट विहिरीच्या बाजूला किंवा पऱ्यात, ओढ्यात ओतू नका. पिण्याच्या पाण्याच्या बाटलीत तर कधीच भरून ठेवू नका. घरात मुलं असतात.

हेड का उतरवावं लागलं, ते विचारलं का?

हा प्रश्न मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, आणि तोच कुणी विचारत नाही. हेड गॅस्केट बहुतेक वेळा गाडी गरम झाली म्हणून जातं. मग गाडी गरम का झाली? फॅन लागत नव्हता? होज फुटला? रेडिएटर आतून बसला, म्हणजे चोंदला होता? हे न शोधता फक्त गॅस्केट बदललं, तर जुनं कारण तसंच जागेवर आहे आणि ते नव्या गॅस्केटलाही खाणार. मिस्त्रींना सरळ विचारा, “गरम कशामुळे झाली होती, ते सापडलं का?” उत्तर “गॅस्केट गेलं होतं म्हणून” एवढंच आलं, तर तपास अर्धाच झालाय असं समजा.

दुसरं विचारायचं ते हेड फेसिंगला दिलं होतं का. ॲल्युमिनियमचं हेड एकदा प्रमाणाबाहेर तापलं की वाकू शकतं. सरळपट्टी आणि फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) लावून ते तपासतात. बऱ्याच छोट्या पेट्रोल इंजिनांत मर्यादा ०.०५ मिलिमीटरची असते, म्हणजे कागदाच्या जाडीपेक्षाही कमी. डोळ्यांनी बघून “सरळ आहे” म्हणण्यात अर्थ नाही. हेड बोल्ट टॉर्क पान्याने (किती जोर लागला ते दाखवणाऱ्या पान्याने), मधल्यापासून बाहेरच्या बाजूला, कंपनीने दिलेल्या क्रमाने आवळले का, आणि ज्या इंजिनात ते बोल्ट एकदाच वापरायचे असतात तिथे नवे घातले का, हेही विचारून घ्या. विचारल्याने चांगला मिस्त्री रागावत नाही.

पाणी कुठून कुठे जातं

एवढं डोळ्यांसमोर असलं की पुढचं सगळं सोपं जातं. वॉटर बॉडी, म्हणजे पंप, पाणी ब्लॉकमध्ये ढकलते. तिथून ते वर हेडमध्ये जातं. इंजिन थंड असताना थर्मोस्टॅट, म्हणजे उष्णतेने उघडणारी झडप, बंद असतो, म्हणून पाणी रेडिएटरकडे न जाता छोट्या बायपासमधून आणि हीटरमधून पुन्हा पंपाकडे फिरतं. पाणी साधारण ८२ ते ८८ अंशांना पोचलं की थर्मोस्टॅट उघडतो आणि मोठा फेरा सुरू होतो. गाडी उभी असेल, रेडिएटरला वारा मिळत नसेल, तर तापमान आणखी वाढतं आणि नव्वदीच्या पुढे कुठेतरी फॅन लागतो.

आता हवा कुठे अडकणार ते बघा. हवा वर जाते. म्हणून ती हेडमध्ये, थर्मोस्टॅटच्या घरात आणि हीटरच्या जाळीत अडकते. थर्मोस्टॅटला पाण्याऐवजी हवा लागली तर तो वेळेवर उघडत नाही. पंपात हवा शिरली तर त्याची पाती नुसतीच फिरतात, पाणी ढकलत नाहीत. एका बुडबुड्यामुळे सगळा फेरा थांबतो.

हवा काढण्याची रीत

घाई असेल तर हे काम आज करूच नका. नीट करायला दीड-दोन तास लागतात, आणि मधे रात्रभर थांबावं लागतं.

पहिलं मोजमाप. गाडीच्या पुस्तिकेत कुलंट किती लिटर मावतं ते दिलेलं असतं. छोट्या गाड्यांत ते साधारण ४ ते ६ लिटर. तुम्ही किती ओतता ते मापाने ओता आणि लिहून ठेवा. पाच लिटरच्या गाडीत साडेतीनच गेलं, तर दीड लिटर हवा आत आहे. जुनं पाणी पूर्ण उतरलं नसेल तर थोडा फरक पडतो, पण हेड उतरवल्यावर बहुतेक पाणी गेलेलंच असतं. इतकी साधी, इतकी भरवशाची दुसरी तपासणी मला माहीत नाही.

१. गाडीचं तोंड चढाकडे करून लावा, म्हणजे भरायची जागा सगळ्यांत उंच येईल. आपल्याकडे चढ शोधावा लागत नाही. हँडब्रेक ओढा आणि चाकांमागे मोठे दगड लावा.

२. हीटर पूर्ण गरमवर करा, ब्लोअर मंद ठेवा. किनारपट्टीवर हीटर वर्षानुवर्षं कुणी लावत नाही, त्यामुळे त्याचा वॉल्व जाम झालेला असतो, किंवा हीटर गळतो म्हणून कुणीतरी आधीच बायपास केलेला असतो. बटण फिरवल्यावर वॉल्व खरंच हलतो का ते बॉनेट उघडून बघा. काही गाड्यांत वॉल्व नसतोच, पाणी हीटरमधून कायम फिरतं. तिथे प्रश्न नाही.

३. थर्मोस्टॅटच्या घरावर किंवा हीटरच्या पाइपवर हवा काढायचा स्क्रू आहे का शोधा. असेल तर तो सैल करा आणि कुलंट बारीक धारेने ओता. आधी फुसफुस होईल, मग फेसाळ पाणी येईल, मग सलग धार. सलग धार आली की स्क्रू लावा. तो पितळेचा किंवा प्लास्टिकचा असतो, जोर केला तर तुटतो.

४. ओतताना वरचा होज हाताने दाबा-सोडा, दाबा-सोडा. दर वेळी बुडबुडे येतील आणि पातळी खाली जाईल. बुडबुडे थांबेपर्यंत करा. बरेच जण हा टप्पा गाळतात आणि अर्धी हवा इथेच राहते.

५. रेडिएटरवर झाकण असलेल्या गाडीत झाकण उघडं ठेवून इंजिन सुरू करा. पातळी हळूहळू उतरेल, ओतत राहा. पंधरा-वीस मिनिटांनी थर्मोस्टॅट उघडेल. तो क्षण ओळखता आला पाहिजे. पाणी एकदम खाली जातं, आणि रेडिएटरचा खालचा होज, जो इतका वेळ गारच होता, तापायला लागतो. माझ्या त्या दहा मिनिटांत हे घडलंच नव्हतं. ज्या गाड्यांत दाबाचं झाकण प्लास्टिकच्या टाकीवर असतं, तिथे रीत वेगळी असते. काहींत झाकण लावूनच इंजिन चालवायचं असतं, म्हणून पुस्तिका बघा. आणि अशा गाडीचं झाकण मध्येच उघडायचं नाही.

६. पॅडल हलकं दाबून इंजिन दीड-दोन हजार फेऱ्यांवर अर्धं मिनिट धरा, सोडा. असं चार-पाच वेळा. नंतर पातळी भरून झाकण लावा आणि फॅन दोनदा लागून दोनदा बंद होईपर्यंत इंजिन चालू ठेवा. हीटरच्या जाळीतून येणारी हवा चांगली गरम असली पाहिजे. इंजिन तापलंय आणि हीटरमधून गार हवा येतेय, म्हणजे तिथे पाणी पोचलेलं नाही.

७. इंजिन बंद. रात्रभर राहू द्या. सकाळी थंड इंजिनवर पातळी बघा. थोडी उतरलेली असते, ती भरा. पहिले दोन-तीन दिवस असं थोडं थोडं लागणं ठीक आहे. चौथ्या दिवशीही लागत असेल, तर पाणी कुठेतरी जातंय.

रेडिएटरला जोडलेल्या कुलंटच्या प्लास्टिकच्या बाटलीवर पातळीच्या रेषेशी चिकटपट्टी लावून तारीख लिहा. आठ दिवस रोज सकाळी, इंजिन सुरू करण्याआधी, एक नजर. डोळ्यांच्या अंदाजापेक्षा ती पट्टी खरं सांगते.

जिथे हात लागला तिथे

हवा निघाली, तरी गरम होतेय. आता हेड उतरवताना काय काय सुटलं होतं ते आठवा आणि एकेक बघा.

थर्मोस्टॅट उलटा बसू शकतो. स्प्रिंगची बाजू इंजिनकडे असते, आणि त्यावर छोटी हलती पिन असेल तर ती वर येते, कारण तिच्या भोकातून हवा निघायची असते. शंका असेल तर काढा, दोऱ्याने बांधून पातेल्यातल्या पाण्यात सोडा, थर्मामीटर ठेवा आणि पाणी तापवा. त्यावर कोरलेल्या अंशाच्या आसपास तो उघडायला हवा. अनेक ठिकाणी “आपल्याकडे थंडी कुठे आहे” म्हणून थर्मोस्टॅट काढूनच टाकतात. मला हे अजिबात पटत नाही. इंजिन नीट तापत नाही, पेट्रोल जास्त जातं, आणि काही इंजिनांत बायपासचं तोंड उघडं राहिल्याने पाणी रेडिएटरला वळसा घालून जातं. म्हणजे चढावर गाडी उलट जास्त तापते.

पट्टा बघा. एकच लांब पट्टा सगळं फिरवत असेल आणि तो चुकीच्या बाजूने घातला असेल, तर पंप उलटा फिरतो. पट्टा सैल असेल तर ॲक्सिलरेटर दिल्यावर तो किंचाळतो.

फॅनचा प्लग आणि अर्थची वायर इंजिन सोडताना काढलेली असते. एसी लावा, बहुतेक गाड्यांत लगेच फॅन फिरायला हवा. फिरला, तर जाळीसमोर एक कागद धरा. कागद जाळीला चिकटला पाहिजे. उडून दूर गेला, तर मोटरच्या वायरा उलट लागल्यात आणि फॅन वारा आत ओढायच्या जागी बाहेर फेकतोय. फिरलाच नाही, तर फ्यूज, रिले, प्लग याच क्रमाने. मोटर सगळ्यांत शेवटी.

होजच्या क्लिपा जुन्या जागेवरच्या खाचेत बसल्यात का? हीटरचे दोन पाइप अदलाबदल झालेत का? जोडांवर सिलिकॉन भरमसाट लावलं असेल, तर बाहेर जेवढं दिसतं तेवढंच आतही गेलेलं असतं आणि त्याचे तुकडे रेडिएटरच्या बारीक नळ्यांत जाऊन बसतात. आणि एकदा आमच्याच गॅरेजात, कचरा आत जाऊ नये म्हणून होजच्या तोंडात कोंबलेला फडक्याचा बोळा तसाच राहिला होता. दोन दिवस आम्ही रेडिएटरवर संशय घेत होतो. आता कोंबलेल्या प्रत्येक बोळ्याला लाल दोरी बांधतो आणि शेवटी दोऱ्या मोजतो.

कधी गरम होते, ते नीट सांगा

गाडी गॅरेजात आणून “गरम होते” एवढंच सांगितलं तर मिस्त्री अंदाजाने सुरुवात करतो. त्याऐवजी कधी, हे सांगा.

बाजारात, सिग्नलला, जेटीवर रांगेत उभी असताना गरम होते आणि पळायला लागली की उतरते, तर वारा कमी पडतोय. फॅनकडे बघा. उभी असताना ठीक, पण महामार्गावर वेग धरल्यावर गरम, तर पाण्याचा फेरा कमी पडतोय. रेडिएटरच्या नळ्या बसल्या असतील, पट्टा घसरत असेल, खालचा होज आत ओढला जाऊन चपटा होत असेल. फक्त घाटात, भरलेल्या गाडीने, तर रेडिएटर जेमतेम पुरतोय किंवा गॅस्केटमधून जोर लावल्यावरच गॅस पाण्यात शिरतोय. काटा वर-खाली नाचतो, तर हवा. काटा वर जाऊन झपकन पडला, तर पाणी गेलंय, त्याच क्षणी थांबा.

नव्या छोट्या गाड्यांत बऱ्याचदा काटाच नसतो, फक्त लाल दिवा. तो लागतो तेव्हा उशीर झालेला असतो. अशा गाडीत ओबीडीच्या (गाडीच्या संगणकाला यंत्र जोडायच्या) खाचेत लागणारा छोटा ब्लूटूथ स्कॅनर घ्या. मोबाइलवर कुलंटचं तापमान आकड्यात दिसतं. हेडचं काम झालेल्या गाडीसाठी यापेक्षा उपयोगी खरेदी नाही.

गॅस्केट पुन्हा गेलंय का?

ही भीती प्रत्येकाच्या पोटात असते, म्हणून थोडं सविस्तर.

सकाळी पूर्ण थंड इंजिन सुरू करा आणि वरचा होज हातात धरा. पाणी अजून गारच आहे आणि मिनिटा-दोन मिनिटांत होज दगडासारखा टणक झाला, तर तो दाब वाफेचा नाही. सिलिंडरमधला गॅस पाण्यात येतोय. रात्रभर उभ्या गाडीचा होज सकाळीही फुगलेला असेल, तरी तोच संशय. हवा काढल्यावरही बाटलीत बुडबुड्यांची न थांबणारी रांग, पाणी बाटलीतून बाहेर फेकलं जाणं, सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर जो इंजिन तापल्यावरही थांबत नाही, सकाळी सुरू होताना एक सिलिंडर अडखळणं, ही सगळी त्याच घरची माणसं.

खात्री करायला निळ्या द्रवाची तपासणी करतात. रेडिएटरच्या तोंडावर नळी बसवून वरची हवा त्या द्रवातून ओढायची. पेट्रोल इंजिनात निळा रंग पिवळा झाला, तर हवेत जळालेला गॅस आहे. दुसरी तपासणी हातपंपाची. थंड इंजिनच्या तोंडावर पंप लावून झाकणावरच्या आकड्याइतका दाब भरायचा आणि दहा-पंधरा मिनिटं काटा बघायचा. दाब उतरतोय आणि बाहेर कुठेच थेंब नाही, तर पाणी आत जातंय. गाडीखाली, पंपाच्या बारीक भोकाखाली, आणि आत पायाजवळच्या गालिच्याखालीसुद्धा हात फिरवा. हीटर गळला की पाणी तिथे येतं.

ऑइलच्या झाकणाखाली दुधाच्या सायीसारखा थर दिसला की लोक घाबरून हेड उतरवायला सांगतात. जरा थांबा. पावसाळ्यात, इथल्या दमट हवेत, गाडी रोज दोन-तीन किलोमीटरच चालत असेल तर हवेतली ओल तिथे जमते आणि असा थर धरतो. डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची सळई, काढून बघा. ऑइल स्वच्छ आहे, कुलंटची पातळी हलत नाही, तर गाडी एकदा तासभर सलग चालवा, थर जातो. डिपस्टिकवरचं ऑइलच चहासारखं झालं असेल, तर मात्र इंजिन सुरू करू नका. त्या ऑइलवर बेअरिंग टिकत नाहीत.

समुद्र, जांभा आणि विहिरीचं पाणी

घाटावरचे मिस्त्री जे शिकवतात ते सगळं बरोबर असतं, पण किनाऱ्यावर तीन गोष्टी जास्त बघाव्या लागतात.

खारा वारा रेडिएटरची ॲल्युमिनियमची जाळी खातो. जाळीवर अंगठा हलकेच फिरवा. तिची पूड हातात आली, तर नळ्या शाबूत असूनही तो रेडिएटर उष्णता सोडत नाही, बदलायलाच हवा. तोच वारा फॅनच्या प्लगमध्ये आणि रिलेच्या पायांवर हिरवा कळंक चढवतो. दिवसा लागणारा फॅन भर गर्दीत दगा देतो तो यामुळे. प्लग काढून घासा आणि बसवताना विजेच्या जोडांसाठी मिळणारं ग्रीस लावा. मासळीच्या गाडीमागून रोज जाणाऱ्यांनी हे दर सहा महिन्यांनी करावं, कारण बर्फाचं खारं पाणी सरळ जाळीवर उडतं.

जांभ्याची लाल धूळ पहिल्या पावसात चिखल होते आणि एसीची जाळी आणि रेडिएटर यांच्या फटीत भिंतीसारखी बसते. समोरून बघितलं तर काहीच दिसत नाही. पाणी इंजिनच्या बाजूने बाहेरच्या दिशेने, साध्या नळीने मारा. जेटने मारलं तर जाळीची पाती आडवी होतात.

आणि पाणी. खाडीजवळच्या विहिरी मचूळ असतात, बोअरच्या पाण्यात क्षार, कातळावरच्या पाण्यात बऱ्याचदा लोह. हे पाणी रेडिएटरमध्ये गेलं की आत थर धरतो आणि हेडचं ॲल्युमिनियम झिजतं. तयार मिसळलेलं कुलंट घ्या, नाहीतर घट्ट कुलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं निम्मं. आपल्याकडे गोठायची भीती नाही म्हणून नुसतं पाणी चालेल असं अनेकांना वाटतं. कुलंट गंजापासून वाचवतं, पंपाचं सील जपतं आणि उकळायचं तापमानही वाढवतं. हिरव्यात हिरवं, लालात लाल असं रंग बघून मिसळू नका. रंग कंपनीगणिक बदलतो. पुस्तिकेत लिहिलेला प्रकार बघा. जुनं कुठलं होतं ते माहीत नसेल, तर सगळं काढून आतून धुऊनच नवं भरा. अडीअडचणीला वाटेत विहिरीचं पाणी घातलं तर घातलं, घरी आल्यावर ते काढायचं लक्षात ठेवा.

पावसाळ्यात उंदीर उबेला बॉनेटखाली येतात आणि वायरी कुरतडतात. फॅन लागत नसेल आणि बाकी सगळं ठीक असेल, तर सेन्सरपर्यंतची वायर बोटांनी चाचपत जा.

लगेच घाटात नको

पहिला दिवस घराभोवती. दुसऱ्या दिवशी सपाट रस्त्यावर दहा-पंधरा किलोमीटर, एसी बंद. परत येऊन होज, क्लिपा, पातळी. तिसऱ्या दिवशी एसी लावून, गर्दीच्या वेळी बाजारातून. मग एखादा छोटा चढ, परशुराम घाटासारखा, रिकाम्या गाडीने. आंबा, कुंभार्ली, आंबोली हे त्यानंतर. भरलेली गाडी सगळ्यांत शेवटी. गणपतीला मुंबईहून गाडीने येणारे अनेक जण काम आदल्या आठवड्यात करून घेतात आणि पहिली चाचणी थेट रात्रीच्या वाहतूक कोंडीत होते. काम किमान तीन आठवडे आधी करून घ्या.

घाटात तापमान चढायला लागलं तर एसी लगेच बंद करा, हीटर पूर्ण लावा, काचा उघडा. जीव नकोसा होतो, पण हीटर म्हणजे दुसरा छोटा रेडिएटरच असतो. खालच्या गिअरमध्ये, पॅडल न दाबता, पहिल्या रुंद जागेपर्यंत जा. वळणावर थांबू नका. काटा लाल पट्टीत नसेल आणि पाणी गळत नसेल, तर इंजिन दोन-तीन मिनिटं तसंच चालू द्या, म्हणजे फॅन आणि पंप उष्णता ओढत राहतील. लाल पट्टी गाठली असेल, वाफ येत असेल किंवा काटा झपकन पडला असेल, तर इंजिन तात्काळ बंद. बॉनेट उघडा, झाकण नाही. तापलेल्या इंजिनवर झऱ्याचं गार पाणी ओतू नका. हेडला तडा जातो. तासभर थांबून, होज मऊ झाल्यावर, झाकण काढून हळूहळू पाणी भरा. ते लगेच खालून वाहून गेलं किंवा सुरू करताच बुडबुडे यायला लागले, तर गाडी टोइंगला लावा. टोइंगचा खर्च दुसऱ्या हेडपेक्षा फार कमी असतो.

घाट नीट पार झाला तर परतल्यावर गाडी रात्रभर उभी ठेवा आणि सकाळी चिकटपट्टीशी पातळी जुळवा. आठ सकाळी ती जुळली, की पट्टी काढायला हरकत नाही. मी मात्र ती पहिला पावसाळा संपेपर्यंत ठेवायला सांगतो.